आधी नवरी: फ्लोराकाकीचा दगड घेऊन मुळशीमार्गे कोकणात

पुणे ते माणगाव, ताम्हिणी घाटातून, हा रस्ता मी आजवर नऊ-दहा वेळा केलाय आणि या ब्लॉगवर त्याच्याबद्दल दोनदा लिहिलंयही. दोन्ही वेळा मी छातीठोकपणे सांगितलं होतं की सकाळी सातला निघालात तर साडेदहाला माणगावात चहा पीत असाल. ते वाक्य आज मागे घेते. आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो आणि रविवारी पोचलो. गाडी बिघडली नव्हती, दरड कोसळली नव्हती, वाटही चुकलो नव्हतो. मोझेसकाका आडवा आला.

मोझेसकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, वय एक्क्याऐंशी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. माझं रिबेका हे नाव ऐकून लोक मला ख्रिश्चन ठरवतात, काकाची टोपी पाहून त्याला मुसलमान ठरवतात, आणि आमच्या डब्यातली अळूवडी पाहिली की ठरवायचं सोडून देतात. काकाची बायको फ्लोराकाकी गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला माणगावच्या पुढे, तिच्या माहेरच्या गावी, आमच्या लोकांच्या दफनभूमीत पुरलं. आमच्यात वर्ष भरायच्या आत नाव कोरलेला दगड बसवतात. त्या वेळी कद्दिश नावाची प्रार्थना म्हणायची असते आणि तिला दहा ज्यू पुरुष लागतात. कोकणात आता दहा ज्यू पुरुष एका वेळी एका जागी उभे करणं म्हणजे काय दिव्य असतं, ते काकाला विचारा. तीन आठवडे फोन करून त्याने नऊ जण जमवले होते. शुक्रवारी दुपारी साडेचारला, दहावा तो स्वतः.

शुक्रवारच का, तर रविवारी रात्री मुंबईहून त्याचं विमान होतं. इस्राएलला मुलाकडे, कायमचं. परतीचं तिकीट नव्हतं. आणि शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, मग शनिवारी अंधार पडेपर्यंत काका गाडीत पाय ठेवत नाही. तेव्हा काकीच्या डोक्याशी तिचं नाव लागलेलं त्याला बघायचं असेल, तर हा एकच दिवस होता.

आणखी एक गोष्ट माहीत हवी. काका हा गाडी सुटायच्या दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसणारा माणूस. आणि काकी आयुष्यात कधी कुठे वेळेवर पोचली नाही, कारण रस्त्यात दिसलेलं प्रत्येक लग्न तिला थांबून बघायचं असायचं. ओळख असो नसो. नवरीची साडी बघायची, जमलं तर जिलबी खायची, मग पुढे. एकावन्न वर्षं काका मांडवाबाहेर घड्याळ बघत उभा राहिला आणि घरी येऊन भांडला.

दगड पिरंगुटला एका कारागिराकडे करायला दिला होता. दुकान दहाला उघडतं, आम्ही आठला हजर. अशा वेळी चौकात मिसळ खाऊन घ्या, शंभराच्या आत पोट भरतं, आणि पेट्रोलही तिथेच भरा. काकाने मिसळ खाल्ली नाही, बंद शटरकडे बघत बसला. दगड पांढराशुभ्र संगमरवर, वर हिब्रू, खाली मराठीत ‘फ्लोरा मोझेस, प्रेमळ पत्नी व आई’. अक्षरांत काळा रंग भरायचा राहिला होता. तो भरून, वाळून, टेम्पोत चढेपर्यंत दोन वाजले. टेम्पोवाला दत्ता. त्याने दगड उभा करून दोरांनी आवळला, आडवा टाकला तर खड्ड्यात तडकतो म्हणे. धूळ बसू नये म्हणून काकाने वर पांढरी चादर घातली. टेम्पो पुढे, आम्ही मागे, कारण काकाला दगडावर नजर ठेवायची होती.

पौडपर्यंत रस्ता झकास. त्यापुढे डोंगर जवळ येतात, रस्ता अरुंद होतो आणि पुण्याचं सगळं डोक्यातून उतरतं. इथे गाडी सावकाश चालवा, काच खाली करा, करवंदाच्या जाळ्यांचा वास येतो. मी काकाला म्हटलं, बघ, वेळेत पोचतोय. तो म्हणाला, अजून घाट बाकी आहे.

धरणाच्या अलीकडे एका फाट्यावर उजव्या हाताच्या कच्च्या रस्त्याने मिरवणूक आली. पुढे डीजेची गाडी, मागे नाचणारी पन्नासएक माणसं, त्यांच्यामागे झेंडूने मढवलेली उघडी जीप आणि जीपमध्ये गॉगल लावून उभी असलेली नवरी. नवरीला लग्नघरातून कार्यालयात नेत होते, कार्यालय आमच्याच रस्त्यावर दोन किलोमीटर पुढे. आमचा टेम्पो आणि त्यांचा डीजे एकाच वेळी फाट्यावर आले. मिरवणुकीपुढून एक काटक म्हातारा आला, पांढरी टोपी, हातात काठी. नवरीचा चुलत आजोबा, सगळे त्याला तात्या म्हणत होते. त्याने चादरीकडे बघून दत्ताला विचारलं, “आत काय हाय?”

“म्हातारीचा दगड हाय. कबरीवरचा.”

“म्हंजे मयतच की,” तात्या म्हणाले आणि मागे वळून काठी वर केली. “डीजे बंद कर रं. मयताला वाट द्या.”

डीजे बंद. पन्नास माणसं रस्त्याच्या कडेला सरकली, काहींनी हात जोडले. समोर रस्ता मोकळा. एका मिनिटात आम्ही पार झालो असतो आणि ही पोस्ट मी लिहिलीच नसती. दत्ताने गिअर टाकला. तेवढ्यात काका गाडीतून उतरून टेम्पोपुढे जाऊन उभा राहिला.

“नाही,” काका म्हणाला. “आधी नवरी.”

आता मला कळलं काय झालंय ते. काकाने चाळीस वर्षं आमच्या मुलांना धर्माचे धडे दिले. त्यात एक प्रश्न ठरलेला असायचा. लग्नाची मिरवणूक आणि मयत चौकात समोरासमोर आले तर कोणी कोणाला वाट द्यायची? आम्ही पोरं एका सुरात उत्तर द्यायचो, मयताने नवरीला. कारण जिवंत माणसाचा संसार सुरू होतोय आणि मेलेल्याला आता कसली घाई. उत्तर बरोबर आलं की काका पेपरमिंट द्यायचा. मी त्या पेपरमिंटवर वाढलेय. पण हा प्रश्न खरोखर रस्त्यात उभा राहील असं पेपरमिंट खाताना कोणाला वाटलं होतं.

मी खाली उतरले. “काका, साडेचार वाजता नऊ माणसं तिथे येऊन उभी राहणार आहेत.”

“माहीत आहे.”

“आणि हे मयत नाहीये. काकीला पुरून दहा महिने झाले. हा दगड आहे.”

“त्याच्यावर नाव आहे ना? नाव आहे तिथे माणूस आहे. आणि शंका असेल तर नवरीच्या बाजूने जायचं.” मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “रिबेका, सत्तर वर्षं मी हा प्रश्न पाठ केलाय. एकदाही समोर आला नाही.” त्याचे डोळे चमकत होते. मला त्याला गाडीत कोंबावंसं वाटलं.

तिकडे तात्याही हटेनात. “आवं, मयताच्या पुढं नवरी न्हाई काढत आमी. तुमी व्हा पुढं.”

“आमच्यात नवरीच्या पुढे राजासुद्धा जात नाही. तुम्ही व्हा.”

“तुमच्यात म्हंजे? मुसलमान का तुमी?”

“ज्यू. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून.”

“आसं व्हय,” तात्या म्हणाले. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं, पण रस्ता सुटला नाही. मागे पुण्याच्या पर्यटकांच्या गाड्या, एक एसटी, दोन दुधाचे टेम्पो. एसटीचा कंडक्टर येऊन चौकशी करून गेला आणि बसमध्ये जाऊन सांगितलं की दोन्ही पार्ट्या एकमेकांना पुढे जा म्हणतायत, म्हणून रस्ता बंद आहे. बसमधली माणसं बघायला खाली उतरली. मी दफनभूमीवर थांबलेल्या चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, माणसं यायला लागलीत. मी म्हटलं, काका नवरीला वाट देतोय. तो म्हणाला, मग देऊ दे ना, किती वेळ लागतो. मी म्हटलं, ती घेत नाहीये.

पाऊण तास गेला. शेवटी नवरीच जीपमधून उतरली. स्नेहल तिचं नाव, हिंजवडीत नोकरी करते, हे मला नंतर कळलं. शालू सावरत आली आणि काकाला म्हणाली, “आजोबा, आजींना लग्नाची आवड होती का?”

काकाने टेम्पोकडे बघितलं. मीच म्हटलं, “बाई, विचारू नकोस. लग्न दिसलं की ती थांबायचीच.”

“मग त्या पाहुण्या म्हणून येऊ देत लग्नाला. पाहुणे मागून आले तर चालतं. आणि तात्या, पाहुणी मागं असली तर तुमचीबी हरकत न्हाई ना?”

तात्यांनी काठी आपटून विचार केला. “पाहुनी आसंल तर मग काय,” ते म्हणाले.

काका टेम्पोकडे बघत होता. मी त्याच्या जवळ जाऊन म्हटलं, मिरवणुकीच्या मागून गेलो तर आज दगड बसणार नाही, तुला कळतंय ना? तो म्हणाला, कळतंय. आवाज पडला होता. मग स्वतःच दत्ताला म्हणाला, “मागून घे.”

दोन किलोमीटर जायला आम्हाला पावणेदोन तास लागले. डीजे पुन्हा सुरू, माणसं पुन्हा नाचायला लागली आणि त्यांच्यामागे चादर पांघरून उभी फ्लोराकाकी पावलापावलाने पुढे सरकत होती. रस्त्याकडेच्या एका पोराने टेम्पोवरही अक्षता उधळल्या. डावीकडे मुळशीचं पाणी दिसत होतं, ऊन त्यावर उतरलेलं. एरवी मी तिथे थांबून फोटो काढते. त्या दिवशी मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते आणि शेजारी काका घड्याळ बघत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा.

कार्यालयात पोचलो तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. तिथून दफनभूमी दोन तास, सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला. काका म्हणाला, शब्बाथ इथेच. नऊजणांना फोन करून मीच माफी मागितली. तात्यांनी वऱ्हाडासाठी घेतलेल्या खोल्यांपैकी दोन आम्हाला उघडून दिल्या, विचारलंसुद्धा नाही किती दिवस.

मुहूर्त गोरज होता. म्हणजे ज्या घटकेला तिकडे अक्षता पडणार, नेमकी त्याच घटकेला आमचा शब्बाथ लागणार. त्याआधी मला दोन दिवे लावायचे होते. जागा मिळाली ती भटारखान्यात, जिलबीच्या कढईपासून चार हातांवर. आचाऱ्याने विचारलं, वाढदिवस आहे का. मी हो म्हणून टाकलं. त्याने दिव्यांभोवती चार जिलब्या मांडून दिल्या.

शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही शब्बाथला नवरी म्हणतो. एका ठिकाणी सगळ्यांनी दाराकडे वळून, डावीकडे-उजवीकडे वाकून तिला आत बोलवायचं असतं. काका मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात पुस्तक धरून पुटपुटत होता. ती ओळ आली तसा तो दाराकडे वळला आणि वाकला. त्याच क्षणी दारातून मामाचा हात धरून स्नेहल आत आली. काकाशेजारच्या बायकांनी बघितलं, हे आजोबा वाकले, म्हणजे रीत असेल. त्याही वाकल्या. त्यांच्या पुढची रांग वाकली. बघता बघता अर्धा मांडव डावीकडे-उजवीकडे वाकला. गुरुजी मंगलाष्टकं म्हणायचे थांबले आणि दारात नवरी आपलं काही चुकलं की काय म्हणून पदर चाचपायला लागली. मी तोंडावर रुमाल धरला. काकाने यातलं काहीही पाहिलं नाही, त्याचे डोळे मिटलेले होते.

मनुका भिजवून केलेलं सरबत आम्ही पवित्र मानून पितो, ते काकाने मठ्ठ्याच्या कागदी पेल्यात घेतलं. पत्रावळीवर मसालेभात, जिलबी, बटाट्याची भाजी. लग्नाचं जेवण आयुष्यात प्रथमच तो पोटभर जेवला. निघताना स्नेहल पाया पडायला आली. शुक्रवारी आम्ही मुलींच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो, तो त्याने तिला दिला, हिब्रूत, सगळा, न चुकता. तिने विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, “सुखी राहा, आणि घाई करू नको.” दुसरा भाग प्रार्थनेत नाही.

शनिवारी सकाळी मी टेम्पोजवळ गेले आणि माझं धाबं दणाणलं. चादर बाजूला होती. संगमरवरावर, नेमकं ‘फ्लोरा’च्या वर, हळदीकुंकू. भरपूर. पायाशी खण, नारळ, मूठभर तांदूळ आणि मोगऱ्याचा गजरा. आमच्यात दगडापुढे असं काही करणं म्हणजे मूर्तिपूजा, सगळ्यांत मोठं पाप. काकाने एकदा घरात आलेल्या देवाच्या चित्राच्या कॅलेंडरवरून तीन दिवस माझ्या आईशी अबोला धरला होता. पुसावं तर शब्बाथ, पुसणं हे काम. मी कोणाला तरी हळूच सांगावं म्हणून वळले तर मागे काका उभा.

तात्यांची बायको, बयाआजी, ओट्यावर भांडी आवरत होती. काकाने तिला विचारलं, “हे कोणी केलं?”

“म्या,” ती म्हणाली. “का वं?”

“देवी म्हणून केलंत?”

“देवी?” बयाआजी हसली. “आवं, दत्ताला इचारलं म्या. मालक हायेत म्हनला. म्हंजी सवाष्ण गेली बाई. लग्नाला आलेली सवाष्ण, तिची वटी न भरता कशी लावायची वाटंला?”

काका दगडासमोर जाऊन उभा राहिला. मी मनात वाक्यं जुळवत होते, बयाआजीची समजूत कशी घालायची, काकाची कशी. तो म्हणाला, “पाहुणी म्हणून केलंय.” माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाला, “रिबेका, पाहुणी म्हणून केलंय तिने.” आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. काकी गेली तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तो ओट्यावर बसला आणि बयाआजीने त्याला पाणी दिलं, विचारपूस न करता.

शब्बाथला वस्तीच्या हद्दीबाहेर एक किलोमीटरच्या पलीकडे आम्ही चालत जात नाही. दुपारी तात्या आणि काका पाण्याच्या कडेने फिरायला गेले, मी मागून. एका करंजाच्या झाडापाशी काका थांबला, पुढे नाही म्हणाला. “म्हंजे दावं लावलंय म्हना की,” तात्या म्हणाले. काका म्हणाला, तसंच. दोघं झाडाखाली बसले. मग तात्यांनी काठीने पाण्याकडे दाखवलं. “आमचं जुनं गाव तितं खाली हाय. आमच्या म्हाताऱ्यांच्या जागाबी तितंच. धरान झालं, गेलं समदं. आमाला दगड कुटं लावायचा?” मग तेच पुढे म्हणाले, “म्हून म्हनलं, तुमच्या मयताला आधी जाऊ द्यावं. तुमाला लावायला जागा तरी हाय.” तर शुक्रवारी फाट्यावर तो म्हातारा का अडून बसला होता ते मला तेव्हा कळलं, आणि मी मनात त्याला काय काय बोलले होते ते आठवून लाज वाटली.

रविवारी उजाडताच निघालो. ताम्हिणी सकाळी करा, दुपारी नको. धुकं खाली राहतं आणि रस्ता रिकामा असतो. चहा घाट उतरल्यावर घ्या. दफनभूमीवर नऊपैकी पाचजण आले होते, बाकीच्यांना कामं होती, मी त्यांना दोष देत नाही. काका धरून सहा. सहाजणांत कद्दिश होत नाही. तात्या आणि दत्ताही आमच्यासोबत आले होते, तात्या मागे टोपी सारखी करून उभे. चुलतभाऊ हळूच म्हणाला, काका, म्हणून टाक, कोण मोजतंय. काका म्हणाला, मी मोजतोय. त्याने दुसरी प्रार्थना म्हटली आणि कद्दिश राहिली ती राहिली.

दगड बसवणाऱ्या गवंड्याने हळदीवरून ओलं फडकं फिरवलं. कुंकू गेलं, हळद संगमरवरात मुरली होती. तो म्हणाला, ॲसिड मारतो, चकाचक होईल. चुलतभाऊही म्हणाला, हो, मारच, हे बरं नाही दिसत इथे.

“नको,” काका म्हणाला. “लग्नाहून आलीय ती.”

मग त्याने त्या सकाळी निघताना मुळशीच्या काठावरून उचललेला एक खडा खिशातून काढून दगडावर ठेवला, आमची तशी रीत आहे. तात्यांनीही एक ठेवला. तो त्यांनी कुठून आणला होता ते मी विचारलं नाही.

विमानतळावर आम्ही काउंटर बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी पोचलो, कारण पनवेलजवळ काकाने मला एका मांडवापाशी गाडी थांबवायला लावली. साडी बघून आला. हिरवी होती म्हणाला.

आता मी रास्ता पेठेत घरी आहे. तुम्हाला मुळशीला जायचं असेल तर जरूर जा, लग्नसराईत दोन दिवस जास्तीचे धरा आणि फाट्यावर कोणी पुढे जा म्हणालं तर आधी नीट विचार करा. बयाआजीने दिलेला तो खण माझ्या कपाटात आहे. आमच्यात त्याचं काय करायचं मला माहीत नाही, पण टाकवत नाही. कद्दिश राहिल्याची रुखरुख मात्र मला आहे. त्या एका मिनिटात आम्ही पुढे गेलो असतो तर झाली असती, हे मी अजून स्वतःशी घोकते.

परवा काकाचा आवाज फोनवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. तिकडे रोज संध्याकाळी तो प्रार्थनेला जातो, दहाजण होतात, कद्दिश होते. म्हणाला, “आज मला वीस मिनिटं उशीर झाला. दहावा मीच होतो, नऊजण खोळंबले होते, चिडले माझ्यावर. मी सांगितलं, रस्त्यात एक नवरी होती, तिचा झगा गाडीच्या दारात अडकला होता. ती बसून गाडी निघेपर्यंत थांबलो.” मग “फ्लोराला सांग,” म्हणाला, आणि बंद.

मी चारदा ऐकलं. पुढच्या शुक्रवारी लवकर निघून तिला सांगून येणार आहे.